चांदणी चौक चढेल तीच खरी!

पेट्रोलच्या खर्चाला वैतागलात? इलेक्ट्रिक बाईक घ्यायचा विचार करताय? मग शोरूममध्ये शिरण्याआधी आपला रोजचा रस्ता एकदा नीट बघून घ्या. कोथरूड ते हिंजवडी या वाटेवर गोळा केलेले हे फंडे... खास तुमच्यासाठी!

पुण्यात कुणाची ओळख करून घ्यायची, तर दोन प्रश्न पुरतात. 'राहता कुठे?' आणि 'गाडी कुठली?' यातली गाडी म्हणजे दुचाकी, हे वेगळं सांगावं लागत नाही. चार चाकं असली, तर तिला आपण 'कार' म्हणतो. गाडी ती गाडीच!

या शहराचं आणि दोन चाकांचं नातंच तसं आहे. आधी हे सायकलींचं शहर होतं. विश्वास बसत नसेल, तर कर्वेनगरमधलं विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय एकदा बघून या. मग १९७२ उजाडलं. त्या एकाच वर्षात बजाजची चेतक आली आणि कायनेटिकची लूनासुद्धा. चेतक आमच्याही घरात होती. पावसाळ्यात ती सुरू व्हायला जाम नखरे करायची. मग बाबा तिला एका बाजूला झुकवायचे, जवळजवळ आडवीच करायचे, परत उभी करून किक मारायचे. की झाली सुरू! ही ट्रिक तेव्हा शेंबड्या पोरालाही माहीत होती.

गंमत बघा, या दोन्ही गाड्या परत आल्यात. चेतक जानेवारी २०२० मध्ये, लूना फेब्रुवारी २०२४ मध्ये. आणि दोन्ही इलेक्ट्रिक होऊन! फरक एवढाच, की आता झुकवून काही होत नाही. बंद पडली तर पडली. म्हणूनच ही गाडी घेतानाच नीट पारखून घ्यायची.

रात्री साडेनऊ, सूसची खिंड

'रिलायबल' गाडी म्हणजे नेमकं काय हो? जाहिरातीत बघाल, तर डोंगराच्या टोकावर एकटाच उभा असलेला हिरो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये विचाराल, तर प्रत्येकाचं वेगळं उत्तर. एकाला पिकअप हवा, एकाला टचस्क्रीन, तर एकाला 'लुक्स यार, लुक्स!'

मी माझ्यापुरती सोपी व्याख्या केली. मी राहते कोथरूडमध्ये, ऑफिस हिंजवडी फेज वनला. एका बाजूचं अंतर साधारण सोळा किलोमीटर. शिफ्ट संपता संपता रात्रीचे नऊ वाजतात. त्या वेळी कॅब मिळाली तर मिळाली, आणि मिळाली तरी भाडं ऐकून जेवण उतरत नाही. घरात गाडी एकच. तीच ऑफिसला, तीच शनिवारी आईला घेऊन मंडईत, तीच अडीअडचणीला मेडिकलच्या दुकानात. तेव्हा रिलायबल गाडी म्हणजे रात्री साडेनऊला सूसच्या खिंडीत मला एकटीला उभं न करणारी गाडी. बस्स! पिकअप, लुक्स, टचस्क्रीन हे सगळं त्यानंतर.

ही व्याख्या ठरली आणि निम्मं काम झालं. कारण मग ब्रोशर वाचायची गरज उरली नाही. वाचायचा होता तो रस्ता.

पाटी हिरवी की पाटीच नाही?

पण रस्त्याला लागण्याआधी एक बेसिक गोष्ट. 'इलेक्ट्रिक बाईक' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात.

पहिली म्हणजे बिनपाटीची. मोटर जास्तीत जास्त २५० वॅटची, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि बॅटरी सोडून वजन ६० किलोपर्यंत. एवढ्यात बसणारी गाडी कायद्याच्या भाषेत मोटर वाहनच नाही. लायसन्स नको, रजिस्ट्रेशन नको. पेडल मारताना मोटर साथ देते त्या ई-सायकली यातच येतात आणि छोट्या स्कूटर्ससुद्धा. दुसरी म्हणजे रीतसर पाटीची. आरटीओ, इन्शुरन्स, लायसन्स सगळं आलं. तिची नंबर प्लेट हिरवी आणि त्यावर पांढरी अक्षरं.

यातली चांगली कुठली? तुमचा रस्ता सांगा, मग सांगते! माझी एक मैत्रीण कर्वे पुतळ्यापासून डेक्कनला जाते. चार-साडेचार किलोमीटर, सगळा ट्रॅफिक मुंगीच्या पावलांनी. दुसऱ्या मजल्यावर घर आणि लिफ्ट नाही. तिने ई-सायकल घेतली. सायकल खाली साखळीला, बॅटरी काढून खांद्यावरच्या सॅकमध्ये. घामाघूम न होता ऑफिस आणि जिमचे पैसे वाचले ते वेगळेच. तिच्यासाठी भन्नाट! पण बायपासच्या सर्व्हिस रोडवर मागून काँक्रीटचा मिक्सर हॉर्न देत येतोय आणि मी २५च्या स्पीडने चाललेय, हे चित्र डोळ्यासमोर आणा. मला पाटीवालीच हवी होती.

एक सावधगिरी मात्र दोघांनाही. 'मॅडम, पाटी नको, लायसन्स नको, आणि पळते मात्र पन्नासने' असं कुणी कानात सांगितलं, तर तिथून सरळ निघा. अशा बेकायदा बदल केलेल्या गाड्यांवर २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने मोहीम काढली होती. दंडाचं सोडा, उद्या अपघात झाला तर ही गाडी कागदावर कुठेच नसते. नुकसानभरपाई मागायची कुणाकडे?

पहिला पेपर : चांदणी चौक

कोथरूड डेपो मागे टाकला, की पौड रस्ता हळूहळू नाक वर करायला लागतो. पुढे चांदणी चौक. पुणेकरांची ही जुनी डोकेदुखी. तिथला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या सुरुवातीला मध्यरात्री स्फोटकं लावून पाडला, ऑगस्ट २०२३ मध्ये नवा उड्डाणपूल आणि रॅम्पचं जाळं सुरू झालं. चौक पार बदलला. चढ मात्र तोच!

गाडीची खरी परीक्षा इथे. शोरूमवाले टेस्ट राइड देतात ती गुळगुळीत, सपाट गल्लीत. तिथे सगळ्याच गाड्या उडतात. मी अट घातली, की टेस्ट राइड चांदणी चौकापर्यंत आणि मागे आई बसणार. एका ठिकाणी सेल्समन म्हणाला, 'मॅडम, आमची राइड समोरच्या सिग्नलपर्यंतच असते.' मी म्हटलं, 'पण माझं ऑफिस समोरच्या सिग्नलवर नाहीये ना!' आणि निघाले. दुसरीकडे मात्र मॅनेजर हसला, दुसरं हेल्मेट काढून दिलं आणि म्हणाला, 'काकूंना घट्ट धरायला सांगा.'

चढावर काय बघायचं? वेग किती पडतो ते. दोघं बसलेले असताना चढाच्या मध्यावर थांबून पुन्हा निघायचं. गाडी मागे घसरते का, रडत रडत निघते का? 'इको' मोडवर चढते, की लगेच 'स्पोर्ट' लावावा लागतो? आणि लागोपाठ दोनदा चढवून बघा. मोटर किंवा बॅटरी गरम झाली, की गाडी स्वतःला सांभाळायला पॉवर कमी करते. हे पहिल्या फेरीत कळत नाही, दुसऱ्या फेरीत कळतं.

मोटरचेही दोन प्रकार. काही गाड्यांत ती मागच्या चाकातच असते, तिला हब मोटर म्हणतात. सुटे भाग कमी, आवाज कमी, देखभाल कमी. काहींत ती मध्ये असते आणि बेल्टने किंवा गिअरने चाक फिरवते. चढावर या गाड्या बहुतेक वेळा जास्त जोर दाखवतात, चाकावरचं वजनही कमी राहतं. पण बेल्ट किंवा गिअर म्हणजे झिजणारी आणखी एक वस्तू आली. आकुर्डीला नोकरी आणि चिंचवडला घर असेल, तर चढाची एवढी काळजी करायचं कारण नाही. कात्रज किंवा चांदणी चौक रोजचा असेल, तर मोटरचे वॅट विचारण्यापेक्षा प्रत्यक्ष चढून बघा.

माथ्यावर थांबून मी डिस्प्ले बघितला. दोघींना घेऊन एवढ्या चढात बॅटरी पाच टक्के उतरली होती. ब्रोशरमध्ये न मिळणारा हा आकडा मला हवा होता.

रेंजचं गणित : छापील वजा खरं

आता थोडं गणित. घाबरू नका, एमबीएच्या एंट्रन्सपेक्षा सोपं आहे. बॅटरी किलोवॅट-अवरमध्ये मोजतात. एक किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या लाइटबिलातलं एक युनिट. शहरात एक स्कूटर किलोमीटरला साधारण ३० ते ३५ वॅट-अवर खाते. म्हणजे ३ युनिटच्या बॅटरीत ८५ ते १०० किलोमीटर. ब्रोशरवर यापेक्षा बराच मोठा आकडा दिसेल. तो खोटा नसतो, पण ठरावीक चाचणीतला असतो. त्या चाचणीत आई मागे बसलेली नसते, समोरून वारा नसतो आणि चांदणी चौक तर नसतोच. म्हणून छापील आकड्याचा तिसरा हिस्सा काढून टाका आणि उरलेल्यावर विश्वास ठेवा.

माझी रोजची धाव ३२ किलोमीटर. येता येता भाजी, औषधं, कुणाकडे तरी चक्कर धरून ४०. बॅटरी दर वर्षी थोडी थोडी म्हातारी होते, तीही कसर धरायची. सरळ हिशोब हा, की नवी असताना खरी रेंज रोजच्या धावेच्या दुप्पट हवी. म्हणजे मला ८०. मग चार-पाच वर्षांनी बॅटरीची ताकद सत्तर टक्क्यांवर आली, तरी ५६ किलोमीटर हातात राहतात आणि खिंडीत उभं राहायची वेळ येत नाही. त्यापेक्षा मोठी बॅटरी? रोज १५ किलोमीटर जाणाऱ्याने ती घेणं म्हणजे दोघांच्या घरात वीस जणांचा कुकर घेण्यासारखं. वजनही वाहायचं आणि पैसेही.

दुसरा पेपर : बायपासचा उतार

चांदणी चौकातून पुढे बावधन, सूसची खिंड, बाणेरचा राधा चौक, बालेवाडी आणि वाकड. इथे उतारावर इलेक्ट्रिक गाडीची एक मजा कळते. थ्रॉटल सोडला, की मोटर उलटी काम करते, गाडी मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. याला म्हणतात रिजनरेशन. फार मिळत नाही, पण ब्रेक कमी झिजतात. एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. बॅटरी शंभर टक्के भरलेली असेल, तर परत आलेली वीज ठेवायला जागाच नसते. मग बऱ्याच गाड्यांत हे मंदावणं कमी जाणवतं. ज्यांचं घर टेकडीवर आहे आणि सकाळी निघाल्या निघाल्या उतार लागतो, त्यांनी ब्रेकवर बोट ठेवूनच निघावं.

सर्व्हिस रोड जिथे मध्येच तुटतो, तिथे हायवेच्या ट्रॅफिकमध्ये शिरावंच लागतं. तिथे ताशी ६०चा वेग झटकन गाठता आला पाहिजे. हौस म्हणून म्हणत नाहीये, जीव वाचवायला! ब्रेक कचकन दाबल्यावर गाडी सरळ थांबते का, ते रिकाम्या रस्त्यावर बघून घ्या. हेडलाइट अंधार पडल्यावर बघा. शोरूमच्या झगमगाटात सगळेच लाइट छान दिसतात. आणि हो, या गाड्या चालतात मांजरीसारख्या. मागून आलेली कळतच नाही. रिक्षावाला न बघता वळतो, कारण त्याने तुम्हाला ऐकलेलंच नसतं. हॉर्न दमदार हवा आणि आपली नजर त्याहून दमदार.

तिसरा पेपर : हिंजवडीचा पाऊस

जून २०२५ मध्ये हिंजवडीत काय झालं, ते आठवतंय? आयटी पार्कच्या रस्त्यांचा अक्षरशः ओढा झाला होता. 'पावसात इलेक्ट्रिक गाडीचा शॉक बसतो का हो?' हा आईचा पहिला प्रश्न. उत्तर : नाही बसत. चांगल्या गाड्यांची बॅटरी सीलबंद असते. तिच्यावर आयपी ६७ असं लिहिलेलं असेल, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास ठेवून तिची परीक्षा झालेली असते.

पण थांबा, याचा अर्थ गाडी होडी नाही! ही परीक्षा नव्या बॅटरीची आणि स्वच्छ पाण्यातली. तीन पावसाळे खाल्लेल्या गाडीची, चिखलाच्या पाण्यातली नाही. आयपी ६७ बॅटरीला आहे, की मोटर आणि कंट्रोलरलाही, हे विचारा. चार्जिंगच्या भोकावरचं झाकण घट्ट बसतं का, ते स्वतः उघडून बघा. वॉरंटीच्या पुस्तकात 'पाण्यात बुडणे' हे शब्द कुठल्या पानावर आणि कुठल्या यादीत आहेत, तेही वाचा. इन्शुरन्स घेताना बॅटरीत पाणी शिरलं तर भरपाई मिळते का, हे लेखी घ्या. आणि गुडघ्याएवढं पाणी दिसलं, तर सरळ चहाच्या टपरीवर थांबा. रिलायबल गाडीलाही थोडी अक्कल आपल्याकडून लागते.

पहिल्या पावसात आणखी एक काळजी. इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीपासूनच पूर्ण जोर लावते. ओल्या रस्त्यावर सिग्नलला घाईने थ्रॉटल पिळला, तर मागचं चाक निसटतं. पावसाळ्यात इको मोड आणि शांत मनगट!

सोसायटी नावाचा चौथा पेपर

सगळ्यात अवघड पेपर रस्त्यावर नव्हता, घरी होता! आमची सोसायटी जुनी, पार्किंग उघडं, मीटर सगळे जिन्याखाली. मी चार्जिंगसाठी प्लग लावायचा अर्ज दिला आणि बिल्डिंगमध्ये चर्चासत्र सुरू झालं. एक काका म्हणाले, 'वीज सोसायटीची वापरणार का?' दुसरे म्हणाले, 'आग लागली तर?' तिसऱ्यांनी तर आधी लिफ्टचं बोला म्हणून विषयच बदलला.

मी वाद घातला नाही, कागद ठेवले. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्या घरच्या वीजजोडणीवर गाडी चार्ज करता येते. मग परवाना असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलावलं. आमच्या मीटरपासून पार्किंगपर्यंत वेगळी वायर, वेगळा एमसीबी, पक्कं अर्थिंग, प्लगला कुलपाचा डबा. बिल येणार माझ्या मीटरवर. हे ऐकल्यावर पहिले काका गप्प झाले. दुसऱ्या काकांचा आगीचा प्रश्न मात्र रास्त होता.

मार्च २०२२ मध्ये लोहगाव भागात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका इलेक्ट्रिक स्कूटरने पेट घेतला होता आणि तो व्हिडिओ देशभर फिरला होता. त्या वर्षी अशा बऱ्याच घटना घडल्या. त्यानंतर एआयएस १५६ नावाचे बॅटरी सुरक्षेचे नियम कडक झाले. डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले. एक सेल तापला तर आग बाकीच्या पॅकमध्ये पसरते का, याचीही चाचणी आली. म्हणून सेकंडहँड घेणाऱ्यांनी गाडी एप्रिल २०२३ नंतर बनलेली आहे का, हे आधी बघावं. बाकी पथ्यं आपल्या हातात. कंपनीचाच चार्जर, एक्स्टेन्शन बोर्ड नको, उन्हातून आल्या आल्या गरम बॅटरी चार्जिंगला लावायची नाही, आणि बॅटरी वर नेली तर ती दाराच्या वाटेत किंवा पलंगाखाली ठेवायची नाही.

ज्यांच्या सोसायटीत पार्किंगला वायर येणारच नाही, त्यांनी काढता येणारी बॅटरी असलेली गाडी बघावी. पण ती उचलूनही बघा! स्कूटरची एक बॅटरी दहा-बारा किलोची सहज असते. तीन मजले रोज चढायचे, तर गॅस सिलिंडरवाल्या दादांबद्दलचा आदर दुप्पट होईल.

नाना पेठेत काय मिळत नाही?

पुण्यात गाडीचा कुठलाही पार्ट हवा, तर पावलं नाना पेठेकडे वळतात. केबल, क्लच प्लेट, ब्रेक शू... मागाल ते मिळतं. आणि प्रत्येक गल्लीत एक मेकॅनिक असतो, जो नुसत्या आवाजावरून सांगतो, 'ताई, कार्बोरेटर साफ करावा लागेल.' पेट्रोल गाडीच्या रिलायबल असण्यात निम्मा वाटा या माणसाचा!

इलेक्ट्रिक गाडीत तो टायर, ब्रेक आणि सस्पेन्शन बघेल. पण कंट्रोलर, बीएमएस, डिस्प्ले यांची दुखणी कंपनीच्या लॅपटॉपलाच कळतात. म्हणजे कंपनीचं सर्व्हिस सेंटर हाच तुमचा एकमेव डॉक्टर. म्हणून माझा सगळ्यात लाडका फंडा : शोरूम बघायच्या आधी सर्व्हिस सेंटर बघा. तेही सोमवारी सकाळी!

मी दोन सोमवार त्यासाठी अर्धी रजा टाकली. एका ठिकाणी गेटबाहेर फुटपाथवर धूळ खात उभ्या असलेल्या गाड्यांची रांगच होती. एक जण सांगत होता, 'एकवीस दिवस झाले, पार्ट येतोय येतोय.' त्या ब्रँडचा लुक मला जाम आवडला होता. पण एकवीस दिवस मी हिंजवडीला जाऊ कशी? यादीतून नाव बाद! दुसऱ्या ठिकाणी बाकावर चार जण बसले होते. चौघांनाही विचारलं, 'कितव्यांदा आलात? कशासाठी?' दोघं नेहमीच्या सर्व्हिसिंगला, एक पंक्चरला, एक नवीन अपडेटनंतर डिस्प्ले अडकला म्हणून. 'संध्याकाळपर्यंत मिळेल ना?' या माझ्या प्रश्नावर तो म्हणाला, 'मागच्या वेळी तरी मिळाली होती.' याला म्हणतात रिव्ह्यू!

खिशाचं काय?

माझं महिन्याचं रनिंग साधारण ७०० किलोमीटर. ४५चं ॲव्हरेज देणाऱ्या स्कूटरला पंधरा-सोळा लिटर पेट्रोल लागतं. लिटरचा भाव शंभरच्या वर धरला, तर सोळाशे रुपये. इलेक्ट्रिकला चार्जिंगमधली गळती धरून २७-२८ युनिट. युनिटचे दहा रुपये धरले, तरी पावणेतीनशे. वर्षाला पंधरा-सोळा हजारांची बचत. वाईट नाही!

पण ही बचत आधीच खर्च करू नका. बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महाग भाग. तिची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि ताकद किती टक्क्यांखाली गेली तर बदलून देणार, हे तिन्ही आकडे लेखी हवेत. 'आठ वर्षांची वॉरंटी' यातली किती वर्षं फुकट आणि किती वर्षं जादा पैसे भरून, तेही विचारा. सबसिडी जून २०२३ मध्ये कमी झाली, फेम-२ योजना मार्च २०२४ मध्ये संपली आणि ऑक्टोबर २०२४ पासून पीएम ई-ड्राइव्ह आली. तेव्हा मित्राने दोन वर्षांपूर्वी दिलेली किंमत विसरा. आज सगळं धरून ऑन-रोड किती, एवढंच विचारा. त्यात चार्जर धरलाय का? २०२३ मध्ये काही कंपन्यांना वेगळे घेतलेले चार्जरचे पैसे ग्राहकांना परत द्यावे लागले होते. नेव्हिगेशन, रिव्हर्स मोड वगैरेसाठी वेगळा 'पॅक' घ्यावा लागतो का? हे सगळं बेरजेत आलं, की कधी कधी स्वस्त गाडी महाग निघते.

मी कुठली घेतली?

सांगणार नाही! टाळतेय असं नाही, पण माझी गाडी माझ्या रस्त्याची आहे. तिला चढ जमतो, तिच्या सीटवर आईचे गुडघे दुखत नाहीत, तिची बॅटरी पार्किंगमधल्या कुलूपबंद प्लगवर रात्री भरते आणि तिचं सर्व्हिस सेंटर घरापासून रिक्षाने जाता येईल एवढ्या अंतरावर आहे. मगरपट्ट्याच्या सपाट रस्त्यावर जाणाऱ्याला ती कदाचित उगाच महाग वाटेल. कात्रजच्या घाटातून येणाऱ्याला कदाचित अपुरी. बाणेरला भाड्याने चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या टीममधल्या मुलाने वेगळीच घेतली, आणि त्याचंही बरोबर आहे.

तेव्हा मंडळी, या शनिवारी एक करा. मॉलमध्ये जायच्या ऐवजी आपल्या ऑफिसच्या रस्त्याने एक चक्कर मारा. चढ कुठे, खड्डे कुठे, पाणी कुठे साचतं, प्लग कुठे मिळेल, सगळं मोबाइलमध्ये टिपून घ्या. ती यादी घेऊन शोरूममध्ये शिरलात, की बघा सेल्समनचा चेहरा कसा होतो ते!

टेस्ट राइडला जाताना

• मागे बसणारी व्यक्ती सोबत न्या आणि रोजच्या रस्त्यातला सगळ्यात अवघड चढ निवडा.

• निघताना आणि परतल्यावर बॅटरीचे टक्के व किलोमीटर लिहून ठेवा.

• छापील रेंजचा तिसरा हिस्सा वजा करा. उरलेला आकडा रोजच्या धावेच्या दुप्पट हवा.

• सर्व्हिस सेंटरला सोमवारी सकाळी भेट द्या आणि बाकावरच्या लोकांशी बोला.

• वॉरंटी, इन्शुरन्स आणि ऑन-रोड किंमत : तिन्ही लेखी.

• सोसायटीचं पत्र हातात आल्यावरच बुकिंगचे पैसे भरा.

• आणि हो, स्कार्फ कितीही मस्त बांधला, तरी त्यावर हेल्मेट हवंच!